पडद्यावरची हळद

१४ मे, गुरुवार

सकाळीच डोक्याला ताप. कन्नडचे पुंजाराम आले आणि एप्रिलात नेलेला लेकीच्या लग्नाचा अल्बम काउंटरवर ठेवून उभे राहिले. माणूस सभ्य, आपटला नाही. पण ठेवला असा, की आपटला असता तर बरं वाटलं असतं.

"सुदर्शनभाऊ, हे पान बगा. ही हळद हाय का चुना?"

हळदीचंच पान होतं. लेक पाटावर बसलेली, भोवती बाया. मी खिडकीत नेऊन बघितलं, मला काही वावगं दिसेना. तसं म्हणालो तर म्हणाले, "पोरगी निळी पडल्यावानी दिसती. व्याही म्हनले, हिला दवाखान्यातून उठवून आनली व्हय?"

धोंड्याचा महिना रविवारी लागतोय. तो संपायच्या आधीच्या रविवारी त्यांचा जावई धोंडे खायला येणार आणि अल्बम चारचौघांत त्याच्यासमोर ठेवायचा आहे. तोवर नवीन छापून द्यायचा. "नायतर काय नाय भाऊ, पुढल्या टायमाला दुसरीकडं बगू," एवढंच म्हणाले. कन्नडकडची निम्मी लग्नं मला ह्या माणसाच्या शब्दावर मिळतात. टीव्ही सेंटर चौकात 'दीपमाला फोटो' हे दुकान टाकून तीस वर्षं झाली, आणि माझं नाव आहे ते रंगासाठी. कॅमेरा काय, आता कुणाच्याही खिशात आहे.

संताप याचा, की हा अल्बम मी सगळ्यात निवांतपणे केला होता. मोनिका तेव्हा महिनाभर पुण्याला ट्रेनिंगला होती. एरवी मी कंप्युटरवरून उठलो की ती बसतेच, गेम म्हणे. त्या महिन्यात कंप्युटर फक्त माझा होता.

दीपमालाला पान दाखवलं. बायको कधी माझी बाजू घेत नाही. म्हणाली, निळं आहे. मोनिकाला दाखवलं. तिनं पान बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाली, "पप्पा, मॉनिटर बदलायला झालाय."

पोरगी पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलली. आठ वर्षांचा मॉनिटर. मला एक दाखवतो आणि लॅबला दुसरं धाडतो, हरामखोर.

१७ मे, रविवार

अधिक महिना लागला. लग्नं बंद, दुकानात माशा. मॉनिटर शोधायला वेळच वेळ.

मोनिकानं अट घातली. घरात कंप्युटर एकच, तर मॉनिटर दोघांना चालेल असा घ्यायचा. तिची चार पोरींची टीम आहे, जूनमध्ये त्यांची स्पर्धा. बंदूक घेऊन पळायचं आणि समोरच्याला उडवायचं असा तो खेळ. त्यासाठी दोनशेचाळीस हर्ट्झ पाहिजे. म्हणजे पडदा सेकंदाला दोनशेचाळीस वेळा चित्र बदलतो. म्हटलं, आपला किती बदलतो? साठ. मग एवढी वर्षं काय अडलं? तर म्हणे शत्रू भिंतीआडून निघतो तो हिला उशिरा दिसतो आणि ही मरते.

मला साठसुद्धा दिसत नाहीत, हिला दोनशेचाळीस दिसतात.

शिवाय रंग अचूक पाहिजे, आणि एचडीआर पाहिजे. एचडीआर म्हणजे दिवा दिव्यासारखा झळकला पाहिजे आणि अंधार अंधारासारखा काळा. इथवर ठीक. पण संध्याकाळी म्हणते, "वेळ पडली तर हर्ट्झ कमी चालतील पप्पा, रंगात तडजोड नाय." गोळ्या झाडायच्यात, तर समोरच्याच्या शर्टाचा रंग बघून काय करणार आहे ही?

१९ मे, मंगळवार

तीन दिवस नेटवर समीक्षा ऐकतोय. डोकं भणभणलं. एक पोरगा म्हणतो ह्या जातीचा पडदा घ्या, रंग उत्तम. दुसरा म्हणतो त्याचा काळा रंग राखाडी दिसतो. तिसरा म्हणतो ह्याचा काळा रंग काळा आहे, पण गेममध्ये सावल्या मागं ओढल्या जातात. खोक्यावर एचडीआर लिहिलेलं खरंच एचडीआर असेल असं नाही, हे तिघंही सांगतात. मग लिहिता कशाला? मी काय 'लग्नाचा अल्बम' असं लिहून आत बारशाचे फोटो देतो का?

२१ मे, गुरुवार

मोनिकाला घेऊन कॅनॉटच्या बाजारात गेलो. कंप्युटरची दुकानं पालथी घातली. एकजात सगळे मॉनिटर पिवळे! पांढरं पान उघडलं तर जुन्या पत्रिकेसारखं दिसतं. मी एका दुकानात तसं सांगितलं. दुकानवाला म्हणाला, "चाचा, फॅक्टरी से रंग नाप के आया है. क्या बी बोलते तुम."

मी पण कच्च्या गुरूचा चेला नाही. दीपमालाच्या करंड्यातून हळद डबीत घालून नेली होती. दुकानात पुंजारामच्या लेकीचा कॅमेऱ्यातून आला तसा, हात न लावलेला फोटो उघडला आणि हळदीची डबी पडद्याला खेटून धरली. दुकानवाल्याला वाटलं मी तिथंच पूजा करतोय. "पहले बिल तो होने दो चाचा," म्हणाला. सगळे हसले.

मोनिका पुढं वाकून बघत होती. "पप्पा, दोन्ही सारखंच आहे ना? पडद्यावरची आणि डबीतली?"

सारखंच होतं. पडद्यावरची हळद मातकट आणि डबीतलीही मातकट. आता बोला! म्हणजे हळदच भेसळीची निघाली. ज्या हळदीवर भरवसा ठेवून निघालो, तिच्यातच पीठ कालवलेलं. घरी येऊन दीपमालाला म्हणालो, दुकान बदल. ती म्हणाली, ही हळद माझ्या भावानं वसमतहून आणून दिलीय, आणि दळलीय मी स्वतः. भांडण झालं. जेवण मुकाट्यानं.

येताना जालना रोडवर गाडी चालवणं म्हणजे शिक्षा. हल्ली समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला कसले दिवे बसवतात, प्रत्येक दिव्याभोवती भलंमोठं कडं. धूळ किती झालीय शहरात.

२४ मे, रविवार

आज नळाला पाणी आलं. आठवड्याचे कपडे एकदम धुवायला निघाले. माझे पांढरे शर्ट बघवत नाहीत. मळकट, पिवळट. दीपमालाला म्हटलं, नीळ टाक थोडी. टाकलीय म्हणाली. म्हटलं, अजून टाक. शेवटी मीच उठून बादलीत नीळ ओतली, तेव्हा कुठं शर्ट जरा पांढरा दिसायला लागला.

संध्याकाळी तो घालून शेजारच्या बारशाला गेलो. जो तो शर्टाकडं बघतोय. एक जण म्हणाला, "सुदर्शनभाऊ, नवीन शर्ट वाटतं? आकाशी तुम्हाला शोभतो." लोकांची नजर गेलीय सगळ्यांची.

२९ मे, शुक्रवार

घेतला एकदाचा. सत्तावीस इंची, ओलेड, दोनशेचाळीस हर्ट्झ. ओलेड म्हणजे पडद्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच दिवा असतो. काळं दाखवायचं तर तो चक्क विझतो. किंमत लिहीत नाही, दीपमाला ही वही चाळते.

मोनिकाला आधी तिच्या पैशात भागेल असा दुसरा हवा होता. हा ठरला तेव्हा वरचे पैसे ट्रेनिंगला मिळालेल्या पैशांतून घालते म्हणाली. म्हटलं, गेमसाठी एवढं? ती काउंटरकडं वळली. दुकानवाल्याला चार वेळा विचारलं, "रंग पक्के ना? फोटोच्या कामाला चालतील ना?" बापापेक्षा पोरगीच फोटोवाली.

आणल्या आणल्या दीपमालानं नारळ फोडला आणि पडद्याच्या बरोबर मधोमध हळदीकुंकवाची बोटं लावायला निघाली. मी आणि मोनिका दोघंही किंचाळलो. शेवटी मागच्या बाजूला लावली.

३१ मे, रविवार

फसवणूक. शुद्ध फसवणूक.

दोन दिवस पुंजारामच्या अल्बमवर बसलो. पडदा इथंही पिवळाच. सगळं निळ्याकडं ओढलं तेव्हा कुठं हळद हळदीसारखी झाली. मोनिकाला बोलावून दाखवलं. ती पडद्याजवळ वाकली. म्हणाली, "पप्पा, हे तुम्ही आत्ता केलं? ह्या मॉनिटरवर?" म्हटलं, मग काय शेजारच्यांच्या टीव्हीवर? तिचा चेहरा एकदम उतरला. आवडलं नाही तर नाही म्हणावं, तोंड पाडायचं काय कारण?

एचडीआरचा नमुना लावला. अंधारात एक कंदील. कंदिलाभोवती हे एवढं कडं! स्वस्त मॉनिटरला असं कडं येतं हे मी दहा समीक्षांमध्ये ऐकलंय, ते टाळायला तर हा महागाचा घेतला. शिवाय वरून दोष असा, की डावीकडं मान वळवून बघितलं तर रंग वेगळा आणि उजवीकडं वळवून बघितलं तर वेगळा. एकाच पडद्यात दोन रंग!

दुकानवाल्याला फोन लावला. तो म्हणतो, "चाचा, ओलेड में कडं आताच नै. आ ही नै सकता." म्हटलं, मला दिसतंय, तुझं काय ऐकू? बदलून द्यायची मुदत आठवडाभर आहे. उद्या खोक्यासकट नेऊन त्याच्या तोंडावर टाकतो.

मोनिका मागं उभी राहून ऐकत होती. तिनं मला खुर्चीत बसवलं, कंदील परत लावला आणि माझा उजवा डोळा हातानं झाकला. "आता?" मग डावा झाकला. "आता?" डावा झाकला की सगळा पडदा चहासारखा दिसत होता. म्हटलं, बघ, हाच तर दोष आहे ह्याच्यात.

ती म्हणाली, "व्हय पप्पा. उद्या जाऊ."

१ जून, सोमवार

पोटच्या पोरीनं दगा दिला.

मॉनिटर बदलायला म्हणून निघालो. खोकं माझ्या मांडीवर, गाडी ती चालवतेय. कॅनॉटचं वळण आलं, गेलं. ओरडलो, ऐकलं नाही. गाडी थांबली ती डोळ्यांच्या दवाखान्यासमोर. मी खोकं घेऊन आत बसलो. बाकीचे पेशंट माझ्याकडं बघतायत, जसा मी डॉक्टरांना मॉनिटर तपासायला आणलाय.

डॉक्टरीणबाई लहान वयाच्या. दोन्ही डोळ्यांत उजेड मारून बघितलं. "मोतीबिंदू आहे काका. उजवा बराच पिकलाय, डावा त्याच्या मागं आहे. दोन-तीन वर्षांपासून असणार. सगळं पिवळट दिसत असेल? दिव्याभोवती कडी?"

म्हटलं, माझा चष्म्याचा नंबर आत्ताच काढलाय. मोनिका म्हणाली, "लॉकडाऊनमध्ये काढला होता, पप्पा."

मोतीबिंदू म्हाताऱ्यांना होतो. मी चोपन्नचा आहे. आणि मी रंगाचा माणूस आहे. गाडीवर मागं बसून येताना पुंजारामची लेक डोळ्यासमोर येत होती, आणि आता ती निळी दिसत होती. भीती वाटली. खरंच सांगतो, फार भीती वाटली. उद्या डोळा बिघडला तर मी काय करणार? मला दुसरं काय येतं?

२ जून, मंगळवार

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन गुरुवारी. त्याआधी लेन्स निवडायची. मला वाटलं असते एकच, बसवतात. कसलं काय! समोर कॅटलॉग ठेवला. एक फक्त लांबचं दाखवणारी. एक लांबचं आणि जवळचं दोन्ही दाखवणारी, पण हिच्यात रात्री दिव्याभोवती कडी दिसू शकतात. एक पिवळसर छटेची, एक साफ. वर कॉन्ट्रास्ट, चमक, सगळी तीच भाषा! कॅनॉटमधून सुटलो तर इथं अडकलो. म्हटलं, बाई, हर्ट्झ किती आहेत हिचे?

डॉक्टरीणबाई हसल्या. मोनिका हसली नाही. ती वाकून वाकून कॅटलॉग वाचत होती, चार वेळा तेच विचारत होती. "रंग पक्के दिसतील ना? फोटोचं काम आहे त्यांचं." कॅनॉटच्या दुकानात विचारत होती, अगदी त्याच आवाजात. शेवटी तीच म्हणाली, "साफवाली. पिवळी छटा नको. जवळचं चष्म्यानं बघतील."

मी सही केली.

६ जून, शनिवार

काल पट्टी निघाली. काळा चष्मा लावून बसायचं, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, वाकायचं नाही, चिडायचं नाही. शेवटचं दीपमालानं वाढवलेलं दिसतंय.

कपाट उघडलं. माझे सगळे शर्ट निळे. एक आकाशी, एक त्याहून गडद, एक तर पोलिसांच्या गणवेशात चालेल असा. मी त्यांना पांढरे म्हणून घालत होतो. बायको रोज बघत होती.

मग स्वयंपाकघरात गेलो. हळदीचा डबा उघडला, चष्मा वर केला. इतका पिवळा रंग मी किती दिवसांत बघितला नव्हता. डावा डोळा उघडा ठेवून उजवा मिटला की मातकट, उजवा उघडला की लखलखीत. दहा वेळा केलं. दीपमाला पोळ्या लाटत होती.

म्हटलं, "हळद चांगली आहे गं."

"तीच आहे," म्हणाली. पोळी उलटली. मग डोळ्याला पदर लावला आणि वर मलाच ओरडली, की धुरात कशाला आलात, डॉक्टरांनी सांगितलंय ना.

गॅसच्या शेगडीला कसला धूर?

७ जून, रविवार

आज लॅबच्या सांडूला फोन केला. माझे अल्बम गेली दहा वर्षं तोच छापतो. सांगितलं, कन्नडचा अल्बम परत येतोय, आधीच्यात चूक झाली होती.

"मला वाटलंच भाऊ," तो म्हणाला. "त्या टायमाला पोरीची फाईल आलीच नव्हती ना."

"कुठली पोरीची फाईल?"

"असं काय करता? दर टायमाला तुमची फाईल येती, मग दुसऱ्या दिवशी मोनिकाची येती. 'आधीची राहू द्या, ही छापा.' मला वाटलं तुमच्यात ठरलंय तसं. कन्नडच्या वेळी दोन दिवस थांबलो, आली नाय, मग तुमचीच छापली."

फोन ठेवला आणि आत गेलो.

मोनिका कानाला हेडफोन लावून सराव करत होती. मी खुर्ची ओढून शेजारी बसलो. तिनं खेळ मध्येच सोडला, खेळातला तिचा गडी मेला बहुतेक. विचारलं, कधीपासून? म्हणाली, मागच्या वर्षीच्या दिवाळीपासून. म्हणजे मी उठल्यावर ही कंप्युटरवर बसायची, ते निम्मा वेळ माझे अल्बम दुरुस्त करायला.

"सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही ऐकलं असतं?" मग खाली बघत म्हणाली, "मला वाटायचं, जुना मॉनिटर अंधूक झालाय, त्यावर तुम्हाला रंग नीट कळत नसतील. चांगला आला की तुमचं तुम्हालाच दिसेल, मग सांगायची पाळीच येणार नाही. म्हणून तर मागं लागले होते. पण नवीन आला आणि तुम्ही परत निळं केलं. तेव्हा कळलं, मॉनिटर नाय, डोळे."

म्हटलं, खेळ तू. ती म्हणाली, मी मेलेय आधीच.

९ जून, मंगळवार

डावा डोळा झाकून, जवळचा चष्मा लावून, मध्ये मध्ये थांबत, पुंजारामचा अल्बम पहिल्या पानापासून केला. डॉक्टरीणबाईंनी थोडा वेळच बसा म्हटलंय. मोनिका शेजारी बसून माझा वेळ मोजत होती, तुरुंगाच्या शिपायासारखी. मॉनिटरमध्ये एक दोष नाही. कंदील परत लावून बघितला, कंदिलाभोवती नुसता अंधार. दुकानवाल्याला फोन करून तसं सांगितलं. "मैं क्या बोला था चाचा," म्हणाला आणि लांबलचक हसला. ऐकून घेतलं.

फाईल पाठवली. लगेच सांडूचा फोन. "भाऊ, छापू का पोरीच्या फाईलची वाट बघू?"

टोमणा नव्हता. रोजची सवय होती त्याची.

ओठांवर आलं होतं, छाप म्हणून. पण म्हणालो, "वाट बघ."

मोनिकानं सगळी पानं बघितली. हळदीच्या पानावर थांबली, मोठं करून पोरीचे गाल बघितले, हात बघितले, पाटाजवळचं पांढरं ताट बघितलं. मी परीक्षेला बसल्यासारखा. शेवटी म्हणाली, "काहीच करायचं नाही. तशीच पाठवा."

सांडूला सांगितलं. आवाज नीट निघाला नाही, तो म्हणाला रेंज नाय भाऊ तुमच्याकडं.

१४ जून, रविवार

कन्नडला जाऊन आलो. मोनिकानंच नेलं. गाडी चालवायला मला अजून मनाई आहे.

पुंजारामांच्या ओसरीत पंगत उठत होती. जावई नवीन धोतर-उपरण्यात अवघडलेला. अल्बम उघडला. पुंजारामांनी हळदीचं पान काढलं, आधी स्वतः बघितलं, मग बायकोकडं सरकवलं. त्या बाईनं पानावर हलकंच बोट फिरवलं आणि बोटाकडं बघितलं, हळद लागली का म्हणून. सगळे हसले. तीही हसली.

"आता हाय ही माजी लेक," पुंजाराम म्हणाले. आणि माझ्या ताटात अजून दोन धोंडे. नको म्हणायची सोय नव्हती.

घरी आलो तर मोनिकाच्या स्पर्धेची पहिली फेरी. मी मागं बसून बघितली. माणसं भिंतीआडून सुळकन् येतात, मला कोण कुठं आहे काही कळलं नाही, पण सगळं पाण्यासारखं सरकत होतं. जिंकल्या चौघी. ही एवढ्या मोठ्यानं ओरडली, की दीपमाला हातात लाटणं घेऊन बाहेर आली.

हेडफोन काढत मोनिका म्हणाली, "डाव्या डोळ्याचं पुढच्या आठवड्यात. तो झाला की मी तुमच्या फायली बघायचं बंद करते पप्पा. आता गरज नाय."

म्हटलं, "बंद करू नको."

"का?"

म्हटलं, सांडूला सवय झालीय त्याची. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं बजावलंय, म्हणून उठून पंख्याखाली जाऊन बसलो.